शेडावरची बाज

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "सिस्टर, नोकरीतले अनुभव लिहा. अडलेली बाळंतपणं, तापाच्या साथी, पुरात ओलांडलेले नाले." लेखात काय असावं हे त्यांचं ठरलेलंच होतं, फक्त माझी सही राहिली होती. मी म्हटलं, लिहीन, पण बाळंतपणावर नाही. बाळंतपणं बायकांनी केली, मी नुसती जवळ उभी होते. लिहायचंच तर पुरुषांवर लिहीन.  मग ते जपून म्हणाले, "अंक घरगुती आहे, सिस्टर."

लेखही घरगुतीच आहे, काळजी नसावी.

नोकरीची सगळी वर्षं मी बोरी अरबच्या आसपासच्या गावांत आरोग्य सेविका म्हणून फिरले. आमच्या कामात बाई होती, लेकरू होतं, गरोदर होती, बाळंतीण होती. पुरुषाकडं जायचं कारण एकच, नसबंदी. त्यामुळं मी गल्लीत शिरले की पारावरची माणसं एकेक करून उठायची. कोणाला बैल सोडायचे आठवायचे, कोणाला मोटर बंद करायची. एकदा एका घरी नातीला लस टोचायला गेले, तर दाराशी माझी चप्पल पाहून घरमालक संध्याकाळपर्यंत शेजारच्या गोठ्यात बसून राहिला. बायकांची सुखदुःखं मला तोंडपाठ होती. पुरुषांच्या मात्र मी फक्त पाठी पाहिल्या. याची खंत नोकरीत कधी वाटली नाही, ती निवृत्तीनंतर वाटली.

निवृत्त झाले आणि यवतमाळच्या एका संस्थेची माणसं घरी आली. म्हणाली, काम सुटलेले, बायको गेलेली, पोरं बाहेरगावी असलेले पुरुष घरात बसून खचतात, त्यांच्यासाठी बसाउठायची जागा करायची आहे. तुम्हाला सगळा गाव ओळखतो. कशामुळं ओळखतो ते मी त्यांना सांगितलं नाही. बाजाराच्या मैदानाकडेला टिनाचं एक गोदाम रिकामं पडलं होतं, गाव त्याला शेड म्हणायचं, ते मिळालं. संस्थेनं प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या आणि दारावर लावायला भलामोठा बोर्ड दिला: पुरुष मनोस्वास्थ्य व संवाद केंद्र. मी खुर्च्या गोल मांडल्या, बोर्ड लावला आणि वाट पाहत बसले.

बकऱ्या आल्या. पुरुष एकही आला नाही. मैदानापलीकडच्या चहाच्या टपरीवर चर्चा मात्र जोरात होती. टपरीवाल्यानंच मला सांगितलं, "सिस्टर, लोक म्हणून राह्यले का तुमी आता साठीवाल्याइचीबी नसबंदी सुरू केली."

पहिला माणूस आला तो रशीदभाई. स्टँडजवळ त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. हात थरथरायला लागला, तार बसेना, तेव्हा त्यांनी शटर ओढलं ते ओढलंच. ते आत न येता दारात उभे राहून बोर्डाकडं पाहत होते. मला वाटलं, वाचताहेत.

"सिस्टर, हा बोर्ड तुमच्या कामाचा नसन त मले द्या. प्लाय एक नंबर हाय."

"काय करता त्याचं?"

"टेबल."

"मग इथंच करा," मी म्हटलं.

त्यांनी बोर्ड उतरवला, अक्षरं खाली करून चार पायांवर ठोकला आणि दुसऱ्या दिवशी घरून पाने, पक्कड आणि लोखंडी शिकंजा आणून त्याच्यावर बसवला. रशीदभाई सिस्टरकडं काय करून राहिले, हे पाहायला दुसरा माणूस आला. त्याला पाहायला तिसरा. आमचा उद्देश आजही टेबलाच्या खालच्या अंगाला लिहिलेला आहे. स्क्रू खाली पडला आणि कोणी शोधायला वाकला, की त्याला तो वाचायला मिळतो.

लोक विचारतात, तिथं नेमकं करता काय? बाहेरून पाहाल तर मोडकं सामान दुरुस्त करतो. घरोघरचे पंखे, फवारणीचे पंप, सायकली, देवघराचं दार, शाळेचे बाक. पण खरं काम वेगळं आहे आणि ते मला फार उशिरा कळलं. बायका एकमेकींच्या तोंडाकडं पाहून बोलतात. पुरुषाला समोर बसवून "कसं वाटतं?" विचारलं, की तो "बरं हाय" म्हणतो आणि चप्पल शोधतो. त्याच्या हातात फळीचं एक टोक द्या, दुसरं तुम्ही धरा, मधे करवत चालू द्या. तो करवतीकडं पाहत बोलायला लागतो. झोप येत नाही, सून जेवायला वाढते पण बोलत नाही, असल्या गोष्टी मी शेडावर ऐकल्या त्या सगळ्या कोणत्या तरी लाकडाला उद्देशून बोललेल्या होत्या. आपण हूं म्हणायचं आणि टोक सोडायचं नाही. माझा धंदा म्हणाल तर एवढाच.

त्यामुळं गोल खुर्च्या आम्ही पहिल्याच महिन्यात भिंतीला लावल्या. रक्तदाब पाहायचं मशीन पान्यांच्या शेजारी खिळ्याला टांगलं. "बीपी पाहू का?" म्हटलं तर कोणी हात देत नव्हतं. मग रशीदभाईंनी युक्ती काढली. नवा माणूस आला, की ते मशीन हातात घेऊन चिंतेनं म्हणायचे, "हे बराबर चालून नाही राह्यलं असं वाटते. जरा हात द्या, चेक करतो." मशीनला मदत करायला सगळे तयार असायचे. अशा तपासणीत कितीतरी जणांचा रक्तदाब सापडला आणि गोळ्या सुरू झाल्या. ते मशीन आजवर एकदाही बिघडलेलं नाही.

वसंतराव नावाचे एक गृहस्थ टेबलफॅन घेऊन यायचे. मुलगा आणि सून दोघं नोकरीवर, हे दिवसभर घरात एकटे. पहिल्यांदा फॅन आणला तेव्हा रशीदभाईंनी तो लावला, तर वाऱ्यासारखा फिरला. मी "चांगला तर आहे" म्हणणार, तेवढ्यात रशीदभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग कान लावून फॅनला म्हणाले, "आवाज जरा वेगळा येऊन राह्यला. ठेवून जा. उद्या या." फॅन कितीक दिवस शेडावर राहिला. तोवर वसंतरावांना शाळेचे बाक घासायची गोडी लागली आणि एक दिवस ते फॅन न आणता आले. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. रशीदभाईंची ही समज पाहून मी मनात म्हटलं, मी एवढी प्रशिक्षणं घेतली, पण हे त्यात कुठं नव्हतं.

हे सगळं सांगितलं ते पुढचं नीट कळावं म्हणून. कारण एवढी समज असलेल्या या माणसांनीच देवरावांच्या बाबतीत घोळ केला.

देवराव दारव्ह्याकडच्या रेल्वेच्या छोट्या लाइनीवर गँगमन होते. गँगमन म्हणजे रुळांची निगा राखणाऱ्या टोळीतला माणूस. उन्हातान्हात रूळ उचलायचा, स्लीपर सरकवायचा, गिट्टी ठोकायची, सगळं दहाबारा जणांनी एकदम. ती लाइन बंद पडून बराच काळ झाला, टोळीतली माणसं आपापल्या गावी पांगली. देवरावांची बायको कमलाबाई माझी जुनी ओळखीची. तिचं शेवटचं दुखणं लांबलं आणि ते तिनं घरातल्या बाजेवरच काढलं. ती गेल्यावर रीतीप्रमाणं बाजेची सुतळी कापून टाकली आणि नुसता सांगाडा अंगणात पडला. मुलगी हिंगणघाटला दिलेली. तिचा मला फोन यायचा, "सिस्टर, बाबा फोनवर फक्त हो-हो म्हणते. जेवते का नाही पाहा ना जरा." मी गेले तर चुलीत राखसुद्धा नव्हती. माणूस अर्धा झाला होता. आधी चार घरी जाऊन बसणारा, पण आता दाराची कडी आतून लावलेली. नोकरीत मी मरणं पाहिली आहेत. काही माणसं आजारानं जात नाहीत, ती हळूहळू घरात मिटत जातात. देवरावांचं तसं होईल अशी मला उघड भीती वाटत होती.

मी त्यांना "शेडावर या" म्हटलं नाही. म्हटलं, "या बाजेचं लाकूड चांगलं आहे, उन्हात फुटेल. विणून घ्या." दोन दिवसांनी ते सांगाडा डोक्यावर घेऊन आले. "जयभीम, सिस्टर. सुतळी हाय का?"

बाज एकट्यानं नीट विणता येत नाही. एकानं इकडून सुतळीचा गुंडा द्यायचा, दुसऱ्यानं तिकडून घेऊन ताणायचा. देवरावांच्या समोर बसायला आमचे गुरुजी मिळाले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले आणि बोलायला अजिबात न थकणारे. बाज विणायला त्यांना येत होतं आणि त्याहून जास्त, बाजेवर बोलायला येत होतं. "बाजेचा पायथा मोकळा ठेवून दोरीनं आवळतात," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "कारण माणूस निजला की वीण मधून बसते. मग पायथ्याची दोरी ओढून घ्यायची. न निजलेली बाज कधी ढिली होत नाही." देवराव ऐकून घ्यायचे आणि सुतळी ताणायचे. ते बोलत नव्हते, पण रोज येत होते. दुपारी सगळ्यांबरोबर डब्यातली भाकर खायचे. मुलीला मी फोनवर सांगितलं, "तुझे बाबा जेवतात."

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या नजरेत यायची. वीण अर्ध्याच्या पुढं जात नव्हती. शंकरपाळ्यांची सुबक नक्षी बसत यायची आणि मधेच देवराव थांबायचे. "चुकलं," म्हणायचे आणि ओळीच्या ओळी उसवून पुन्हा गुंडा करायचे. गुरुजींना चूक कधी दिसली नाही. ते आपले हिरमुसून परत सुतळी द्यायला बसायचे. असे महिने गेले. मला वाटायचं, उसवू देत. रोजची भाकर चुकत नव्हती, एवढं मला पुरे होतं.

कमलाबाईच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम जवळ आला तेव्हा मी फुलसावंगीला बहिणीकडं गेले होते. इकडं शेडावरच्या मंडळींनी विचार केला, की घरी पाव्हणे येतील, पोरगी-जावई येतील, आणि देवरावभाऊच्या घरात बसायला धड बाज नाही. देवराव मुलीला आणायला हिंगणघाटला गेले होते, तेवढ्यात रशीदभाई, गुरुजी आणि वसंतराव तिघांनी बसून बाज पुरी केली. नक्षी अशी जुळवली की कुठं जोड दिसू नये. लाकडाला तेलपाणी केलं. मग तिघांनी ती उचलून देवरावांच्या ओसरीवर नेऊन ठेवली.

यात त्यांचं काय चुकलं, असं कोणीही विचारील. एखाद्या बाईला दुसरीचं वाईट वाटलं, तर ती जवळ जाऊन बसते, पदरानं डोळे पुसते. या माणसांना ते येत नाही. त्यांना येतं ते एकच, समोरच्याचं काम करून टाकणं. जितका जीव जास्त, तितकं काम चोख. ती बाज मी नंतर पाहिली. एवढं नेटकं विणकाम मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

कार्यक्रम झाला, पाव्हणे गेले. देवराव शेडावर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानंतरही नाही. गुरुजी जाऊन आले तर कडी आतून. "देवरावभाऊ, मी गुरुजी." आतून आवाज आला, "बरं हाय, गुरुजी." वसंतरावांनी डबा नेला. डबा घेतला, आणि संध्याकाळी तो धुऊन, पुसून, रिकामा त्यांच्या दारात ठेवलेला सापडला. वाढलेलं जेवण कुत्र्याच्या पुढं गेलं होतं, हे शेजारणीनं सांगितलं.

मी परत आले ती सरळ त्यांच्याकडं गेले. सिस्टरला दार उघडावं लागतं, तेवढा माझा जुना मान होता. आत भिंतीशी बाज उभी करून ठेवलेली, तोंड भिंतीकडं. खाली जमिनीवर सतरंजी आणि उशी. मी जमिनीवरच बसले.

"लय मस्त विणली त्याइनं," देवराव म्हणाले. "त्याइले सांगा, उपकार झाले."

उपकार हा शब्द शेडावर कोणी वापरत नव्हतं. 

"मग निजत का नाही तिच्यावर?"

ते बाजेच्या पायांकडं पाहत म्हणाले, "पुरी झाली की निजा लागन, सिस्टर. थे मालूम होतं मले. म्हणून त उसवत होतो."

मी त्यांची नाडी पाहिली, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. नाडी मंद होती. वजन पुन्हा उतरलेलं होतं. "शेडावर या," मी पहिल्यांदाच सरळ म्हटलं.

"आता कायले येऊ? माहं काम त झालं."

मी शेडावर येऊन हे सांगितलं तेव्हा कोणी मान वर केली नाही. गुरुजी म्हणाले, "आपण परत उसवून आणू का?" वसंतराव म्हणाले, "माहा फॅन नेऊन देऊ का त्याइले?"  रशीदभाई एका जुन्या मोटरीचं झाकण काढत आणि लावत राहिले. मग म्हणाले, "पंखा मले समजला, सिस्टर, अन् बाज नाही समजली. बाजेत मले काम दिसलं, देवरावभाऊ नाही दिसला." त्यांचे डोळे भरले होते. मी त्या माणसाला पहिल्यांदा असं पाहिलं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण माझा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला.

कुणी काही सुचवलं की रशीदभाई एकच उत्तर द्यायचे. "दया केली त येनार नाही थो. त्याची खरीच गरज लागली त येईन."

गरज ट्रॉलीतून आली. फुलसावंगीला बहिणीच्या शेतात विहिरीजवळ एक जुनं ऑइल इंजिन पडून होतं. बिजलीची मोटर आल्यापासून त्याला कोणी विचारत नव्हतं. माझ्या भाऊजींनी ते शेडाला देऊ केलं होतं आणि एका सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पाठवून दिलं. बिडाचं धूड. ट्रॉलीवाल्याला घाई. मागं दोन फळ्या तिरप्या लावून इंजिन उतरवायचं आणि आत ओट्यावर चढवायचं होतं. हात लावायला सगळी साठी उलटलेली माणसं. गुरुजी म्हणाले, "मी एक-दोन-तीन म्हणतो." त्यांनी तीन म्हटलं तेव्हा निम्म्यांनी तीनवर उचललं आणि निम्म्यांनी तीननंतर. एक कोपरा वर गेला, दुसरा वसंतरावांच्या बोटांवर येता येता राहिला. सगळ्यांनी हात काढून घेतले. इंजिन फळीवर तिरपं अडकलं, ना वर ना खाली.

आता इथं एक सांगायला हवं. रशीदभाईंच्या दुकानात चेन कुप्पी होती. वर आढ्याला टांगायची, साखळी ओढायची, की असलं इंजिन एकटा माणूस उचलतो. ती त्यांनी शेडावर आणून ठेवलेली मी स्वतः पाहिली होती. मी म्हटलं, "रशीदभाई, तुमची चेन कुप्पी..."

"खराब हाय," ते म्हणाले. पाच वेळा नमाज पढणारा माणूस माझ्या डोळ्याला डोळा न देता बोलत होता. "गुरुजी, जा. देवरावभाऊले आणा. म्हणा, इंजिन अटकलं, बोटं तुटतीन कोनाचे. उचलाले नको म्हणा. आवाज द्याले या म्हणा."

मला तेव्हा कळलं, की गँगचं काम कसं चालतं हे त्यांनी आधी कधीतरी देवरावांना विचारून ठेवलं होतं. गँगमध्ये रूळ उचलताना एक माणूस आवाज देतो आणि बाकीचे त्या आवाजावर जोर लावतात. आवाज चुकला तर पायावर रूळ. देवरावांच्या टोळीत आवाज देवरावांचा होता.

गुरुजी गेले. ट्रॉलीवाला कुरकुर करत होता. थोड्या वेळानं मैदानातून दोघं येताना दिसले. देवराव कोणाकडं न पाहता सरळ इंजिनाशी गेले. भोवती एक फेरी मारली. "ह्या कोपऱ्यातून हात काहाडा. वसंतराव, तुमी इकडं. थे लोखंडी सब्बल खाली घाला. जवापर्यंत मी म्हनत नाही तवापर्यंत कोनी जोर करू नका."

मग त्यांनी आवाज दिला. एवढ्या वाळलेल्या छातीतून एवढा आवाज निघेल असं मला वाटलं नव्हतं. टपरीवरची माणसं उठून उभी राहिली.

"हात लावा..."

"हैशा," कोणीतरी अवघडून म्हणालं.

"पोटातून या. हात लावा..."

"हैशा."

"एकसारखा..."

"हैशा."

"चहा ठेवला..."

"हैशा."

इंजिन लेकरासारखं फळीवरून खाली आलं. मग दारातून आत, मग ओट्यावर. शेवटच्या आवाजाला टपरीवाल्यासकट सगळे होते. कोणाच्या नखालाही धक्का लागला नाही. देवराव घामानं निथळत होते आणि त्यांनी इंजिनाला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

चहा झाला. देवराव भिंतीशी जमिनीवर बसले होते. कप ठेवायला ते वाकले, तेव्हा टेबलाखाली पोत्याखालून साखळीचं टोक बाहेर आलेलं त्यांना दिसलं. मीही पाहिलं. त्यांनी पोतं जरा उचललं, चेन कुप्पी पाहिली, पोतं पुन्हा नीट झाकलं आणि काही न बोलता घरी गेले. रशीदभाई तोंडावर हात ठेवून बसले. "संपलं, सिस्टर," म्हणाले. "त्याइले वाटलं असन, आपन खेळ केला त्याइचा." त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही.

पुढचे तीन-चार दिवस इंजिनाला कोणी हात लावला नाही. 

मग एका सकाळी मैदानातून बाज येताना दिसली. पुढचं टोक देवरावांनी धरलं होतं, मागचं टपरीवाल्यानं. त्यांनी बाज शेडाच्या मधोमध आणून टेकवली.

"पायथा ढिला झाला," देवराव म्हणाले. "ओढाले मानूस पाहिजे."

रशीदभाई उठले. त्यांनी हात विणीच्या मधोमध ठेवला आणि हळूच दाबला. वीण खाली बसली होती. नक्षीच्या मधोमध, डोक्यापासून पायापर्यंत, एका माणसाच्या अंगाएवढी. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. गुरुजींनीही पाहिलं; न निजलेली बाज ढिली होत नाही, हे त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. नोकरीत मला पुष्कळ बाळांनी सुखाचं रडवलं आहे, हे रडू त्यातलंच होतं.

"गुरुजी, थे टोक धरा," रशीदभाई म्हणाले आणि पायथ्याची दोरी हातात घेऊन आवळू लागले. दोघा-तिघांचे हात लागले. काम भराभर व्हायला लागलं.

"काहून एवढी घाई करून राह्यले?" देवराव म्हणाले. "तुमची थे चेन कुप्पी झाली का दुरुस्त?"

रशीदभाईंचे हात थांबले. सगळं शेड थांबलं.

"नाही जी," रशीदभाई हळू आवाजात म्हणाले. "तिले लय टाइम लागन."

"मंग बाजेलेबी लागन. आज अर्धाच पायथा ओढा. बाकीचा उद्या."

"उद्या जुम्मा हाय. मी दुपारून येईन."

"दुपारून या," देवराव म्हणाले आणि खाली बसून त्यांनी बाजेचं दुसरं टोक धरलं.